एडन

आमच्या शिवारात एक विहीर आहे, तिचं नाव एडन.
सातबाऱ्यावर तसं नाही,
पण ढोरं घेऊन चाललेला कुठलाही पोट्टा बोट दाखवील:
थे काय, बोरीच्या अंगाला, एडन.

तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
साबणाला फेस येत नाही,
म्हैस एकदा तोंड लावते
आणि रागानं आपल्याकडेच पाहते.
पूर्णेच्या या पट्ट्यात खाली सगळं असंच.
कधीकाळी समुद्र होता म्हणतात,
उठून गेला, मिठाचं गाठोडं विसरला.

उकंडा माझ्या आज्याचा थोरला भाऊ.
मूर्तिजापूरच्या प्रेसमध्ये गठाणी बांधायचा.
लोखंडी पट्टी आवळताना गठाण श्वास सोडते.
त्यानं एकदा विचारलं म्हणे तिला:
कुठी चालली वं तू?
आणि गेला तिच्या मागं,
मालडब्यातून गोदीवर, गोदीतून बोटीवर,
आणि बोट कोळसा घ्यायला थांबली तिथं उतरला.

सहा वर्षं डोक्यावर कोळशाची टोपली.
परत आला तो खोकला घेऊन,
आणि पारावर बसून सांगायचा (बाबांनी ऐकलं, मी बाबांकडून):
'जळेल डोंगराच्या कढईत बसेल हाये थे गाव.
झाड नाई, वढा नाई, प्याचं पाणी उंटावर येते.
अन् साऱ्या दुनियेची जहाजं त्याच्या दारी उभी.'
कावून बावा?
तो तुतारीनं धुळीत दोन रेघा ओढायचा,
जवळ येत येत जवळजवळ भेटणाऱ्या,
आणि तोंडाशी एक ठिपका.
'पांदणीच्या तोंडावर ज्याचं वावर,
त्याले साऱ्या गावच्या बंड्या रामराम करत जातात.'

पोर्तुगीज आले, त्यांनी तटाला शिड्या लावल्या,
माणसं इतकी चढली की शिड्याच मोडल्या.
तुर्क आले, तिथल्या मालकाला जहाजावर पाहुणचाराला बोलावलं
आणि डोलकाठीला टांगलं.
इंग्रजांना दिसला कोळसा ठेवायला ओटा.
हे त्याला सांगणारा एक सोमाली म्हातारा होता,
डोंगराच्या घळीतल्या टाक्यांचा राखणदार.
टाकी म्हणजे दगडात कोरलेली, चुन्यानं गिलावलेली,
एकाखाली एक;
वर्षाकाठी सर आली तर वरचं भरतं,
त्याचं उष्टं खालच्याला.

उकंडानं विहीर खणली. बत्तीस हातांवर पाणी लागलं.
ओंजळभर प्यायला, थुंकला,
आणि मोठ्यानं हसला: एडन!

मग वढ्याच्या घळीत तीन टाकी खणायला लागला.
गाव म्हणे, उकंडा समुद्र बांधून राह्यला.
काळी माती फुगली, पहिलं टाकं तडकलं.
दुसरं पुढच्या साली.
तिसऱ्यानं शिमग्यापर्यंत पाणी धरलं, गोडं पाणी.
चौथं खणायला तो राहिला नाही.

मी जिनिंगच्या काट्यावर पावत्या लिहिते.
परवा भाव दोनशेनं उतरला.
व्यापारी म्हणाला, तिकडं खिंडीत गडबड आहे,
जहाजं लांबच्या वाटेनं चालली.
कोणती खिंड? दशरथ बोंद्रेनं विचारलं,
त्याची बंडी अर्धी रिकामी, अर्धी काट्यावर.
मी पावतीच्या पाठीवर दोन रेघा ओढल्या,
तोंडाशी ठिपका दिला.
तो बराच वेळ पाहत राहिला.
'हे वावर कोनाचं हाये?'
सध्या कोणाचं ते मलाही नक्की माहीत नव्हतं.
त्यानं पावती घडी घालून
टोपीत ठेवली, बंडी वळवली.

येताना घळीतून आले.
तिसऱ्या टाक्यात बाभूळ वाढली आहे,
तिच्या मुळाशी वीतभर पाणी,
आणि म्हशीच्या खुरांचे ताजे ठसे.